नाव सापडले, गाव चुकले

अठराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाशी असलेल्या फाल्मथ बंदरात योहान आल्बर्ट श्लोसर नावाच्या डच वैद्याला पोवळ्यासारखा दिसणारा एक मांसल थर सापडला. त्यावर जागोजाग चांदण्या उमटल्या होत्या. प्रत्येक चांदणीला पाच-सहापासून दहा-बारापर्यंत पाकळ्या आणि मधोमध एक भोक. श्लोसरने ही हकिकत लंडनच्या पीटर कॉलिन्सनला पत्राने कळवली आणि जॉन एलिसच्या निरीक्षणांची जोड देऊन ते पत्र रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. एलिस हा काही ऐरागैरा माणूस नव्हता. पोवळी ही झाडे नसून प्राण्यांचे काम आहे, हे पटवून देणाऱ्यांत तो आघाडीवर होता. त्यामुळे समोरचा थर सजीव प्राण्याचा आहे याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. प्रश्न होता तो त्यात प्राणी कोणता हा. उत्तर त्यांना उघड दिसत होते: एक चांदणी म्हणजे एक प्राणी, पाकळ्या हे त्याचे अवयव आणि मधले भोक हे त्याचे तोंड. दहा वर्षांनी, 1766 मध्ये, पीटर सायमन पालासने या जीवाला श्लोसरचे नाव देऊन मऊ पोवळ्यांच्या ‘ॲल्सिओनियम’ या प्रजातीत बसवले. पुढे योझेफ गेर्टनरने त्याच्यासाठी ‘बोट्रिलस’ ही वेगळी प्रजाती केली, आणि आजही तो जीव ‘बोट्रिलस श्लोसेरी’ म्हणूनच ओळखला जातो.

नाव टिकले, पण त्यामागची समजूत साफ चुकीची होती. चांदणीची प्रत्येक पाकळी हाच एक स्वतंत्र प्राणी असतो. पाकळीच्या बाहेरच्या टोकाला त्याचे स्वतःचे तोंड असते आणि मधले भोक ही साऱ्यांनी मिळून वापरलेली सांडपाण्याची वाट असते. थोडक्यात, श्लोसरने ज्याला तोंड मानले ते बरोबर उलट होते. या चुकीला अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. त्या मंडळींनी डोळ्यांनी जे पाहिले ते नीटच पाहिले होते, चुकला तो पाहिलेल्यावरून काढलेला निष्कर्ष. वसाहती करून राहणाऱ्या सी स्क्वर्टच्या, म्हणजे संयुक्त ॲसिडियनांच्या, अडीचशे वर्षांच्या वर्णनाचा इतिहास वाचताना हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहते. जातीचे वर्णन करणे म्हणजे आधीच ठाऊक असलेल्या वस्तूला चिठ्ठी लावणे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते अनेक दाव्यांचे गाठोडे असते: यात एकक कोणते, ते कोणाशी सारखे, कोणापासून वेगळे आणि राहणारे कुठले. यातला एक दावा खरा ठरला म्हणून बाकीचे आपोआप खरे ठरत नाहीत. हा फरक विसरल्याची किंमत न्यूझीलंडने 2001 नंतरच्या काही वर्षांत मोजली, असे माझे म्हणणे आहे. मात्र त्यासाठी आधी पॅरिसकडे वळले पाहिजे.

ज्यूल सेझार साविन्यी नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेबरोबर 1798 मध्ये गेला तेव्हा विशीत होता. सुवेझच्या आखातातून आणि इतरत्र गोळा केलेले असंख्य बिनकण्याचे प्राणी घेऊन तो परतला आणि पुढची वर्षे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली काढली. 1816 मध्ये त्याचे अपृष्ठवंशी प्राण्यांवरचे प्रबंध प्रसिद्ध झाले. पहिला भाग कीटकांच्या मुखांगांवर होता: फुलपाखराची सोंड आणि भुंगेऱ्याचे जबडे मुळात एकाच साच्यातले भाग आहेत, हे त्याने तिथे दाखवले. दुसऱ्या भागात तोच डोळा त्याने ॲसिडियनांकडे वळवला. तोवर ज्यांना ॲल्सिओनियम म्हणून पोवळ्यांच्या पंगतीला बसवले होते, ते लिबलिबीत गोळे त्याने फाडले, आतले मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीवक, म्हणजे वसाहतीतले एकेक प्राणी, वेगळे काढले आणि त्यांची रचना खडकावर एकेकट्या राहणाऱ्या मोठ्या ॲसिडियनांशी ताडून पाहिली. दोन द्वारे, पाणी गाळणारी जाळीदार क्लोमपिशवी, वळलेले आतडे, सारे तेच. फरक एवढाच की हे प्राणी एका समाईक कंचुकात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, दाटीने राहत होते. लसुअर आणि देमारे या त्याच्या देशबांधवांनी 1815 मध्ये बोट्रिलसबद्दल हाच निष्कर्ष मांडला होता, तेव्हा शोधाचे श्रेय एकट्या साविन्यीच्या पदरात टाकता येत नाही. पण एका जीवापुरता सुटलेला प्रश्न साऱ्या गटाला लावून त्यावर वर्गीकरण उभे करणारा तोच. डायडेम्नम, अप्लिडियम, पॉलिक्लिनम ही त्याने दिलेली नावे आजही वापरात आहेत. पुढे काही वर्षांतच डोळ्यांच्या विकाराने त्याचे काम थांबले. इजिप्तच्या ग्रंथासाठी त्याने काढवून घेतलेल्या कितीतरी चित्रफलकांना स्पष्टीकरण लिहिणे त्याला जमले नाही आणि ते काम व्हिक्टर ओद्वँकडे गेले. चित्र एकाचे आणि त्यावरचे नाव दुसऱ्याचे, अशी ती अवघड वाटणी झाली.

साविन्यीनंतर प्रश्न सुटल्यासारखा वाटला आणि काही अंशी तो सुटलाही होता. 1828 च्या सुमारास ओद्वँ आणि ऑन्री मिल्न-एडवर्ड्स यांनी संयुक्त ॲसिडियनांचे पोहणारे, शेपटीवाले डिंभ, म्हणजे पिल्ले, पाहिले. 1841 मध्ये मिल्न-एडवर्ड्सने इंग्लिश खाडीच्या फ्रेंच किनाऱ्यावरच्या संयुक्त ॲसिडियनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. 1866 मध्ये अलेक्झांडर कोवालेव्हस्कीने ॲसिडियनाच्या डिंभात पृष्ठरज्जू दाखवला आणि खडकाला चिकटलेला हा मुका गोळा एकदम कण्याच्या प्राण्यांचा, म्हणजे आपला, भाऊबंद ठरला. डार्विनने 1871 च्या ग्रंथात त्याची आवर्जून दखल घेतली. पण या गाजलेल्या शोधाने जाती ओळखण्याचे काम फारसे सोपे झाले नाही. उत्क्रांतीच्या वादात ॲसिडियन हा एक नमुना पुरत होता. जातीच्या कामाला शेकडो नमुने लागतात, तेही नीट राखलेले.

ते काम किती किचकट आहे हे डायडेम्नमच्या एका तुकड्यावरून कळते. वसाहत म्हणजे काही मिलिमीटर जाडीचा, चामड्यासारखा चिवट पांढरा थर. जिवंत असताना पाण्यात मेंथॉलचे स्फटिक टाकून तिला गुंगी आणावी लागते. नाहीतर हात लागताच जीवक आखडतात आणि मग आतले काही ओळखू येत नाही. थर आडवा कापला की पात्याखाली वाळूसारखी कचकच जाणवते. त्या चुन्याच्या सूक्ष्म, काटेरी चेंडूंसारख्या कंटिका. फॉर्मॅलिन आम्लधर्मी झाले तर त्या विरघळतात आणि ओळखीची एक महत्त्वाची खूण बरणीतच नाहीशी होते. मग सुयांनी जीवक उकरून काढायचे, प्रत्येक साधारण मिलिमीटरभर. छातीत छिद्रांच्या रांगा चार असतील तर डायडेम्नम असण्याची शक्यता, तीन असतील तर ट्रायडेम्नम. पोटाच्या भागात वृषणाभोवती शुक्रवाहिनीने वेटोळी घातली आहेत की ती सरळ गेली आहे, घातली असतील तर किती, हेही मोजायचे. शेवटी कंचुकाच्या तळाशी डिंभ मिळाले, तर त्यांच्या चिकटण्याच्या गाठी आणि बाजूचे फुगीर पेर मोजायचे. डिंभ विणीच्या काळातच मिळतात. चुकीच्या महिन्यात गोळा केलेल्या वसाहतीत निम्मा पुरावा नसतोच. बाहेरून मात्र अशा दहा वेगवेगळ्या जाती एकसारख्या पांढऱ्या दिसू शकतात, आणि एकच जाती कुठे सपाट थर, कुठे दोरावरून लोंबणाऱ्या लांब झुली अशी वेगवेगळी.

या अडचणीतून पळवाट निघाली ती अशी की जे पांढरे, चुनखडीसारखे आणि चपटे दिसेल त्याला साविन्यीचे ‘डायडेम्नम कँडिडम’ हे नाव द्यायचे. मूळ नाव लाल समुद्राच्या नमुन्याचे. पण विलार्ड व्हॅन नेमने 1945 मध्ये दोन्ही अमेरिकांच्या ॲसिडियनांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला त्यातही या नावाखाली दूरदूरचे किनारे एकत्र आलेले दिसतात. व्हॅन नेम निष्काळजी नव्हता. अपुऱ्या नमुन्यांवर दहा नवी नावे पाडण्यापेक्षा एका जुन्या नावाखाली सारे ठेवणे त्याला अधिक सावधपणाचे वाटले असावे. पण या सावधपणाचा एक परिणाम झाला. जी जाती सगळीकडे आहे तिला घर नसते, आणि घर नसलेल्या जातीला कोणी पाहुणी किंवा घुसखोर ठरवू शकत नाही. पुढे पॅरिसमध्ये क्लोद आणि फ्राँस्वाझ मॉन्यो यांनी आणि ऑस्ट्रेलियात पॅट्रिशिया कॉट यांनी ही गाठोडी सोडवायला घेतली. कॉट यांचा ऑस्ट्रेलियातल्या डायडेम्निड कुळावरचा चारशेहून अधिक पानांचा भाग 2001 मध्ये क्वीन्सलंड संग्रहालयाने प्रसिद्ध केला. या कुळाची त्यांच्याइतकी माहिती असलेली माणसे तेव्हा जगात फार थोडी होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या फांगामाटा या छोट्या बंदरात पिवळसर पांढऱ्या डायडेम्नमचे मोठमोठे पुंजके दिसले. दोरांवरून, धक्क्याच्या खांबांवरून ते लोंबत होते. नमुने कॉट यांच्याकडे गेले. त्यांनी ते ज्ञात जातींशी ताडून पाहिले, कशाशीही जुळत नाहीत असे पाहून 2002 मध्ये ‘डायडेम्नम वेक्सिलम’ या नावाने नव्या जातीचे वर्णन केले आणि ती मूळची न्यूझीलंडची असावी असा कौल दिला. वर्णन चांगले होते. पुढे जगभरच्या अभ्यासकांना आपले नमुने त्याच्याशी जुळवता आले, हाच त्याचा पुरावा. अडचण कौलात होती. ‘मला माहीत असलेल्या कशाशी हे जुळत नाही’ यावरून ‘हे इथलेच आहे’ असे ठरत नाही. त्यावरून फार तर एवढेच ठरते की ज्या समुद्राचे डायडेम्निड अजून कोणी नीट उलगडलेले नाहीत, तिथून हे आलेले असू शकते. शिवाय प्राण्याचे वागणे उलटी साक्ष देत होते. तो एकाएकी उगवला होता आणि उगवला तो बंदरात, माणसाने बांधलेल्या लाकूड-लोखंडावर. जुना रहिवासी असा अचानक, तोही फक्त धक्क्यावर, का प्रकटावा?

डिसेंबर 2001 मध्ये ‘स्टील मरिनर’ नावाचा एक बार्ज तौरंगाहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनजवळच्या शेक्सपियर बेमध्ये ओढून आणला गेला. त्याच्या तळाला हाच डायडेम्नम दाट चिकटलेला होता. तुकडे गळून खाली समुद्रतळावर पडले आणि तिथे वाढू लागले. जवळच मार्लबरो साउंड्स, म्हणजे न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांच्या शेतीचे मुख्य आगर. दोरांना लटकलेल्या शिंपल्यांवर हा थर चढला तर काय होईल हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको होता. तरीही राष्ट्रीय पातळीवर तातडीने हात घातला गेला नाही, आणि त्यामागे इतर कारणांबरोबर जाती देशी की परकी याचा घोळ होता. देशी प्राण्याविरुद्ध सरकार मोहीम काढत नाही. पुढे बंदर आणि शिंपला-उद्योग यांच्या पुढाकाराने धक्क्याचे खांब प्लास्टिकमध्ये गुंडाळले गेले आणि तळावरच्या वसाहती गाळ टाकून, कापड अंथरून गाडल्या गेल्या. बराच थर मेला, पण सारा नाही. दरम्यान तो इतर बार्जेसवरून आणि शिंपल्यांच्या दोरांवरून पुढे सरकला होता.

तिकडे उत्तर गोलार्धात हाच प्राणी निनावी वावरत होता. न्यू इंग्लंडच्या आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तो दिसत होता, नेदरलँड्समध्ये 1991 पासून. जॉर्जेस बँक या मासेमारीच्या प्रसिद्ध उथळ पट्ट्यात, 40 ते 65 मीटर खोलीवरच्या गोट्यांच्या तळावर त्याने सुमारे 230 चौरस किलोमीटर प्रदेशात पाय पसरल्याचे आढळले. अमेरिकी संशोधक त्याला ‘डायडेम्नम स्पीशीज ए’ म्हणत. 2004 मध्ये कॉट यांनी न्यू हॅम्पशरच्या नमुन्यांवरून ‘डायडेम्नम वेस्टम’ ही आणखी एक नवी जाती वर्णिली. म्हणजे एकाच प्राण्याला दोन महासागरांत दोन नावे आणि दोन गावे मिळाली. ही गाठ सोडवण्याचे मुख्य श्रेय ग्रेचेन लॅम्बर्ट यांचे. त्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेला लेख एखाद्या तपासाच्या टाचणासारखा वाचावा: कुठल्या संग्रहालयात कुठली बरणी, तिच्यावर कोणाचे नाव, आत खरे काय. त्यांना खात्रीने ओळखता आलेला सर्वांत जुना नमुना निघाला जपानच्या मुत्सु उपसागरातला, 1926 मध्ये गोळा केलेला. 2009 मध्येच लॉरेन स्टेफानियाक आणि सहकाऱ्यांनी मायटोकाँड्रियातल्या जनुकावरून जगभरच्या वसाहती एकाच जातीच्या असल्याचे दाखवले. पुढे 2012 च्या अभ्यासात सर्वाधिक जनुकीय विविधता जपानमध्ये आढळली आणि मूळ घराचा अंदाज पक्का झाला. नामकरणाच्या नियमांनुसार आधी प्रसिद्ध झालेले नाव कायम राहते. त्यामुळे मूळचा जपानी असा हा प्राणी न्यूझीलंडच्या बंदरावरून दिलेल्या नावानेच ओळखला जातो, आणि त्यात काही बिघडत नाही.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. डीएनए होताच, तर वेटोळी मोजण्याचा आणि कंटिका जपण्याचा हा सगळा खटाटोप कशाला? आक्षेपात तथ्य आहे. एकसारख्या दिसणाऱ्या वसाहतींत लपलेल्या निरनिराळ्या जाती उघड करण्यात जनुकांनी जे केले ते सुईला कधीच जमले नसते. श्लोसरच्याच बोट्रिलसचे उदाहरण घ्या. जगभर पसरलेली एक जाती म्हणून प्रयोगशाळांनी ज्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले, तो जनुकांच्या चाचणीत एकमेकांपासून बऱ्याच दूर गेलेल्या पाच शाखांचा निघाला. पण मग यातला खरा ‘श्लोसेरी’ कोणता? जनुकक्रम स्वतःचे नाव सांगत नाही. मूळ नमुना उपलब्ध नव्हता, म्हणून 2017 मध्ये इटालियन संशोधकांना एक नवा प्रमाण-नमुना ठरवावा लागला, आणि त्याचे वर्णन करताना शरीररचना आणि जनुकक्रम दोन्ही एकत्र नोंदवावे लागले. 2020 मध्ये त्या पाचांतल्या एका शाखेला ‘बोट्रिलस गेयी’ हे स्वतंत्र नाव मिळाले, तेही शरीररचनेच्या खुणांसकट. वेक्सिलमच्या बाबतीतही 1926 ची तारीख मिळाली ती बरणीतल्या जीवकांच्या रचनेवरून. तेव्हा कोणी जनुकांसाठी नमुने राखत नव्हते. जनुके जोडून देतात, पण कोणाला कोणाशी, हे सांगायला नमुना, त्याची तारीख आणि त्याचे ठिकाण लागते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे, आणि मला तो अर्धा मान्य आहे. प्राणी झपाट्याने वाढतो आहे, शिंपल्यांवर चढतो आहे, हे डोळ्यांना दिसत असताना नावाची आणि गावाची वाट पाहायचीच कशाला? पिक्टनला खरोखर तसेच व्हायला हवे होते. पहिल्या काही महिन्यांत बार्जखालचा ठिपका लहान होता आणि त्या वेळचा खर्च नंतरच्या खर्चाच्या मानाने किरकोळ ठरला असता. पण या आक्षेपाची दुसरी बाजूही बघितली पाहिजे. बंदरात दरवर्षी काहीतरी नवे उगवते. त्यातले बहुतेक आधीपासून तिथेच असते आणि कोणाचे लक्ष गेलेले नसते. दिसेल त्या प्रत्येक थरावर प्लास्टिक गुंडाळणे कोणालाही परवडणार नाही, आणि तसे केले तर स्थानिक जातींचाही बळी जाईल. निवड करावीच लागते, आणि निवडीला आधार म्हणून नावच पुढे येते. म्हणून वर्णन करणाऱ्याने ‘ही जाती नवी आहे’ आणि ‘ही जाती इथली आहे’ ही दोन विधाने वेगळी लिहिणे, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याने ती वेगळी वाचणे, याला पैशांत मोजता येईल इतकी किंमत आहे. कॉट यांना दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या लेखातला कौल हा कौलच होता. तो पुढे कागदोपत्री वस्तुस्थिती होऊन बसला.

बरोबर नाव आणि बरोबर गाव हाती असताना काय होते, याची परीक्षा वेल्समध्ये झाली. हॉलीहेडच्या मरीनामध्ये 2008 च्या उन्हाळ्यात हाच डायडेम्नम सापडला. या वेळी तो कोण, कुठला, काय करू शकतो याबद्दल घोळ नव्हता, आणि 2009 च्या शरदात मोहीम सुरू झाली. तरंगत्या धक्क्यांचे भाग आणि साखळदंड प्लास्टिकमध्ये गुंडाळून आतले पाणी कोंडले गेले, त्यात क्लोरीनयुक्त रसायन सोडले गेले. 2010 च्या वसंतात थर मेल्यासारखा दिसला. त्याच वर्षीच्या पुढच्या पाहणीत तो धक्क्यांवर पुन्हा वाढताना आढळला आणि मोहीम नव्याने आखावी लागली. पुढल्या वर्षांत ब्रिटनच्या इतर बंदरांतही तो सापडत गेला. 2016 मध्ये स्कॉटलंडच्या लॉख क्रेरनमध्ये, कालवांच्या शेतीत, तो आढळला.